फळीला चिकटलेली पाच पत्रं

नाना, पंधरा दिवसांपूर्वी तुमच्या शोकसभेतून मी एक फळी उचलून आणली. चोरून नाही. सगळ्यांसमोर, व्यासपीठावर चढून, अध्यक्षांचं भाषण चालू असताना.

तीन फूट बाय दोन फूट प्लायवूड. त्यावर पाच इनलँड पत्रं, सुताराच्या पांढऱ्या गोंदानं चिकटवलेली, वरून व्हर्निशचा हात. कोपऱ्यात तिरंगी रिबीन. तुमच्या फोटोचा हार अडकवायला जागा नव्हती म्हणून कुणीतरी त्याच फळीत खिळा ठोकला होता, दुसऱ्या पत्राच्या कडेपासून बोटभर अंतरावर. अध्यक्ष सांगत होते, "नानांनी आपल्या भागातल्या जवानांचा इतिहास अक्षरशः जिवंत ठेवला. त्याचा पुरावा माझ्या पाठीमागं आहे." मी पुरावा बघितला, खिळा बघितला आणि उठले.

"आवं बाई, काय करताय? कार्यक्रम चालू हाय."

"चालू द्या. मला फळी पाहिजे."

"ती समितीची हाय."

"फळी समितीची. पत्रं सोनाआक्कांची. पत्रं सोडवून द्या, फळी ठेवून घ्या."

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. दुसरं कुणी म्हणालं, "जाऊ द्या रं, नानाच्या माघारी बाईचं डोकं फिरलंय." तुमचा हार काढून मी खुर्चीवर नीट ठेवला, खिळा उपटला, फळी काखेत मारली आणि वडूजच्या एसटीत बसले. कंडक्टरनं विचारलं, सामान काय आहे. म्हटलं, पत्रं. तो म्हणाला, एवढी मोठी?

सभेत बोलणाऱ्यांच्या यादीत माझंही नाव होतं. 'दोन शब्द' असं लिहिलं होतं. माझ्याकडं होतं ते दोन शब्दांत मावणारं नव्हतं आणि माइकवर बोलण्यासारखंही नव्हतं. तुमच्यावर मी चार महिने चिडलेली होते, तुम्ही मध्येच निघून गेलात, आणि आता माझा राग घेऊन कुठं जायचं ते मला कुणी सांगत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

अकरा वर्षांपूर्वी तुम्ही वाचनालयात आलात. माझ्या टेबलासमोर उभे राहून म्हणालात, "बाई, तुमच्याकडं सेनापतींची पुस्तकं अडीच कपाटं हायेत. मोजून आलो. आता शिपाई कुठल्या कपाटात हायेत तेवढं दावा."

मी म्हटलं, शिपायांनी पुस्तकं लिहिली नाहीत.

"पत्रं तर लिहिली का न्हाई?"

त्या दिवशी मी एक जाड नोंदवही घेतली आणि आठ रकाने आखले. तुम्ही ते रकाने बघितलेत आणि माझं नाव क्वार्टरमास्तर ठेवलंत, म्हणजे पलटणीचं कोठार सांभाळणारा. कुठल्याही गावात, कुठल्याही ओट्यावर तुम्ही माझी ओळख तशीच करून द्यायचात. "ह्या आमच्या क्वार्टरमास्तर बाई. ह्यांच्याशिवाय सुई हलत न्हाई." लोकांना वाटायचं मी सैन्यातून निवृत्त झाले आहे. एका आजोबांनी मला उभं राहून सलाम ठोकला होता. तुम्ही त्यांचा गैरसमज दूर केला नाहीत. उलट मला खालच्या आवाजात म्हणालात, "घ्या की परत."

माझं काम रकाने, हातमोजे, स्कॅनर, संमतीपत्र. तुमचं काम दार उघडणं. तीन-तीन वेळा चहा, गुरांची चौकशी, कुणाच्या गुडघ्याला कुठलं तेल, आणि मग कधीतरी, जणू आत्ताच आठवलं म्हणून, "व्हय, तुमच्या दादाची काय कागदं-बिगदं हायेत का?" मी घड्याळ बघायचे. तुम्ही चौथा चहा मागायचात. मुद्दाम मागायचात, हे मला माहीत आहे.

वाईजवळचा तो जवानाचा फोटो आठवतो? देवघरात ठेवलेला. चाळीस वर्षं रोज कपाळाला गंध, त्यामुळं चेहऱ्याचा वरचा अर्धा भाग तांबूस डाग झालेला. घरच्या सूनबाई म्हणाल्या, आंघोळ केल्याशिवाय त्याला हात लावता यायचा नाही. मी म्हटलं, मी सकाळी केली आहे. त्या म्हणाल्या, एसटीत बसून आलात ना? तेव्हा तुम्ही शर्ट काढलात, त्यांच्या आडावर गेलात, डोक्यावरून दोन कळशा ओतून घेतल्यात आणि ओल्या पंच्यानं, थंडीत कुडकुडत, तो फोटो दोन्ही हातांत धरून माझ्यासमोर बसलात. "काढा लवकर, क्वार्टरमास्तर. माझा फोटो लावायची येळ यील." त्या स्कॅनच्या कडेला तुमचे दोन अंगठे आले आहेत. मी ते कापलेले नाहीत.

आपलं भांडण मात्र पहिल्या दिवसापासूनचं. तुम्ही म्हणायचात कागद मुका असतो, माणसाला बोलतं करा. मी म्हणायचे माणूस वाढवून सांगतो, कागद वाढवत नाही. एका घरी वडिलांचा एकच फोटो होता, लग्नातला, धोतर-फेट्यातला. मुलानं स्टुडिओत नेऊन त्याला गणवेश चढवून आणला होता, तोही आजकालचा ठिपक्याठिपक्यांचा. मी नोंद केली : गणवेश खोटा. तुम्ही माझ्या हातावर हात ठेवलात. "चेहरा खरा हाय, ते पण लिवा की." मी लिहिलं नाही. त्या रकान्यात जागा नव्हती. खरं सांगायचं तर जागा होती.

आता त्या पाच पत्रांचं.

तुमच्या शेजारच्या गावच्या सोनाआक्का. त्यांचे मालक आनंदा एकाहत्तरच्या लढाईत गेले. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती, मुलगी तान्ही, बापाच्या दृष्टीलाही पडलेली नाही. आनंदाची पाच पत्रं घरी होती, सासऱ्यांनी सुतळीनं बांधून माळ्यावर टाकलेली. गेलेल्या माणसाचे कागद घरात उघडायचे नाहीत, असा त्यांचा हुकूम. सासरे वारले तेव्हा सोनाआक्कांनी ती खाली काढली. पण त्यांना वाचता येत नाही, आणि लेक म्हणाली, "आई, मी त्या माणसाला बघितलेलं नाही. मला वाचायला लावू नकोस." अशी ती पत्रं सोनाआक्कांच्या कानावर एकदाही न पडता राहिली आणि एके दिवशी त्यांनी तुमच्या हातात दिली. तुम्ही ती वाचनालयात घेऊन आलात. तुमच्या चेहऱ्यावर दिवाळी होती.

मी म्हटलं, संमतीपत्र.

सोनाआक्कांचा अंगठा होता. लेकीची सही नव्हती. वारसांच्या सह्या पूर्ण झाल्याशिवाय स्कॅन करायचं नाही, हा नियम माझा. त्याला कारण होतं. दोन भावांच्या भांडणात आपल्याला एका घरातून हाकलून दिलं होतं, 'पत्रं विकायला निघालात का' म्हणून. त्यानंतर मी तो नियम लाल शाईनं नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहिला. तुम्ही म्हणालात, "नुसता मोबाईलवर फोटू तर काढून ठेवा. कोण इचारतंय?" मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. "लेक सासरी हाय, आज यीन उद्या यीन म्हणतीया." मग आल्यावर बघू. तुम्ही पाकीट बगलेत मारलंत आणि गेलात. तीन आठवडे ती पत्रं तुमच्याकडं होती. माझा स्कॅनर तीन आठवडे टेबलावर कापड पांघरून बसला होता. पाच पत्रं, वीस मिनिटांचं काम.

तीन आठवड्यांनी गावच्या समितीनं वीरपत्नींचा सत्कार ठेवला. शाल, नारळ, फळी. मला आमंत्रण होतं. मी हॉलमध्ये शिरले, समोर भिंतीवर फळी बघितली आणि जवळ गेले. पाचही पत्रं पूर्ण उघडून पसरलेली. वरच्या बाजूला पत्ता, फील्ड पोस्टाचा शिक्का आणि घडीवरच्या दोन-तीन ओळी. आणि आतली बाजू, ज्या बाजूला माणूस बोलतो ती बाजू, प्लायवूडला तोंड लावून कायमची गप्प.

मी तुम्हाला हॉलच्या बाहेर बोलावलं. काय बोलले ते मला शब्द न् शब्द पाठ आहे, म्हणून पुन्हा लिहीत नाही. एवढंच लिहिते, की 'तुमच्यासारख्या माणसाच्या हातात कागद देणं हीच माझी चूक' हे वाक्य मी सोनाआक्कांच्या देखत बोलले. तुम्ही बूट बघत उभे होतात. शेवटी म्हणालात, "झालं ते झालं, बाई." बस. अकरा वर्षांत तुम्ही माझं एक वाक्य उत्तर दिल्याशिवाय सोडलं नव्हतंत.

नंतर तुमचे दोन फोन आले. मी उचलले नाहीत. दोन्ही फोनांची नोंद मोबाईलमध्ये अजून आहे. मग तिसरा आला तो तुमच्या सुनेचा.

लोक म्हणतात, गेलेल्या माणसावर रागवू नये. का नाही? जिवंत असताना तरी तुम्ही मला कुठं नीट रागवू दिलंत? चहा मागायचात.

फळी घरी आणून मी डायनिंग टेबलावर ठेवली. दुसऱ्या दिवशी पुण्याच्या एका बाईंना फोन केला. जुने कागद दुरुस्त करणं हे त्यांचं काम. फोटो पाठवले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "शाईचं पेन आहे का बॉलपेन?" घडीवरच्या ओळी बॉलपेननं लिहिलेल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मग आशा आहे. आधी सुतार लागेल. फळी मागच्या बाजूनं घासत आणायची, पापुद्र्याएवढी उरली की मग ती माझ्याकडं. हळूहळू ओलावा देऊन सुटेल. कडा जातील, मधला मजकूर वाचता येईल." मी विचारलं, नक्की? त्या म्हणाल्या, "नक्की काही नसतं. पण मी याहून वाईट बघितलंय."

त्याच आठवड्यात टपालानं लेकीची सही आली. संमतीपत्र पूर्ण.  फाडावंसं वाटत होतं. फाईलला लावलं.

मग सोनाआक्कांकडं गेले. फळी बरोबर नेली. त्यांची वस्तू, त्यांना विचारल्याशिवाय सुताराकडं नेणार नव्हते. आणि माफी मागायची होती, त्या दिवशीच्या बोलण्याची.

त्या अंगणात घेवड्याच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "ये. फळी घिऊन आलीस व्हय? जड आसंल. टेकव भितीला."

मी सुरुवात केली, आक्का, पत्रं उलटी चिकटलीत, आतला मजकूर...

"ठावं हाय. नानानं सांगितलंय."

"तुम्हाला राग नाही आला?"

"कशाचा? मी काय वाचतीया व्हय ते?" एक शेंग मोडून त्यांनी दाणे सुपात टाकले. "आन् मला समदं पाठ हाय. नानानं इतक्या येळा वाचून दावलंय."

मला माहीतच नव्हतं. त्या तीन आठवड्यांत तुम्ही दर दोन दिवसांनी त्यांच्याकडं जात होतात. पाचही पत्रं पहिल्यापासून शेवटपर्यंत. संपली की त्या म्हणायच्या, पुन्हा एकदा. तुम्ही पुन्हा वाचायचात. मी तिकडं सहीची वाट बघत होते.

"सांगू?" त्यांनी विचारलं. मी वही काढली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी समोर कागद नसताना ऐकून उतरवायला बसले.

त्यांनी डोळे मिटले आणि बोलायला लागल्या. नाना, त्या तुमच्या आवाजात बोलत होत्या. आपलं बोलणं सोडून पुस्तकी बोलत होत्या. 'तीर्थरूप आबांस आनंदाचा शिरसाष्टांग नमस्कार. पत्रास कारण की, मी येथे खुशाल आहे.' वाक्य संपलं की तुम्ही जसे खाकरायचात तशा खाकरत होत्या. पहिल्या पत्रात बूट चावतात आणि भाकरी मिळत नाही. दुसऱ्यात हरण्या बैलाचा खांदा सुजला होता तो बरा झाला का, आणि विहिरीच्या हिश्श्यावरून भाऊबंदांशी वाद घालू नये. मी भराभर लिहीत होते. तिसरं पत्र.

'मुलगी झाल्याचे कळले. फार आनंद झाला. मुलगी झाली म्हणून सोनाला कुणी काही बोलू नये. तिला नीट खाऊ घालावे.'

तिथं त्या थांबल्या. डोळे उघडले.

"ऐकलंस न्हवं? माझं नाव हाय त्यात. नानानं माझं बोट धरून त्या जागंवर ठिवलं. म्हणाला, आक्का, ह्यो 'सो', ह्यो 'ना'." मग शेंगांकडं बघत म्हणाल्या, "पोरगी झाली तशी सासू वरीसभर माझ्या हातचं पाणी पीत न्हवती. आनंदा गेल्यावर मला म्हणाली, तुझ्या पायगुणानं गेला. मी गप ऐकलं. मला वाटायचं, आनंदाला बी तसंच वाटलं आसंल का? पोरगी झाली म्हणून नाराज हून गेला आसंल का? एवढी वर्सं. आन् त्यानं तर लिवून धाडलंवतं, कुणी बोलू नगा म्हणून. मामंजींनी वाचलं आन् माळ्यावर टाकलं."

माझं पेन थांबलं होतं.

कारण आपण दोघांनी मिळून अशी शेकडो पत्रं वाचली आहेत, नाना. लग्न झालेला पोरगा घरी पत्र लिहायचा ते बापाच्या नावानं. त्यात आईला नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, पाव्हण्यांची विचारपूस. बायकोचं नाव बापाला लिहिलेल्या पत्रात घ्यायचं नसे, ती बेअदबी. फार झालं तर 'घरच्या मंडळींनी काळजी करू नये'. बैलाचं नाव येतं. म्हशीचं येतं. बायकोचं येत नाही. त्यासाठी मी नंतर नववा रकाना आखला, पत्नीचा उल्लेख, आणि त्यात वरपासून खालपर्यंत 'नाही' लिहिलेलं आहे. एकही अपवाद नाही.

पलूसच्या त्या म्हातारीच्या घरी तुम्ही नवऱ्याचं पत्र वाचून दाखवलंत, तेव्हा तिनं विचारलं होतं, "माझं नाव कुटं हाय त्यात?" तुम्ही पत्र उलटं केलंत, सुलटं केलंत, उजेडाकडं धरलंत आणि म्हणालात, "आक्का, शाई लय फिकी झालीया. दिसंना." आणि मी, शेजारी बसलेली मी, म्हणाले, "शाई चांगली आहे. नाव नाहीये." म्हातारी "बरं" म्हणाली आणि चुलीपाशी गेली.  परत येताना विट्याच्या स्टँडवर तुम्ही म्हणालात, "बाई, तुमी खरं बोलला. पर त्या म्हातारीनं तुमचं काय वाकडं केलंवतं?"

मी तेव्हा म्हटलं होतं, नोंदीत खोटं चालत नाही. तुम्ही म्हणालात, "नोंद तुमच्या वहीत करा. तिच्या कानात कशाला?"

सोनाआक्कांच्या अंगणात बसून मला हे सगळं आठवत होतं आणि समोर त्या वाट बघत होत्या, मी लिहीत का नाही म्हणून. मी लिहिलं. चौथं आणि पाचवंही लिहिलं. उठताना विचारलं, "आक्का, पुण्यात एक बाई आहेत. त्या पत्रं सोडवतील म्हणतात. न्यायची का?"

त्यांनी क्षणाचाही विचार केला नाही. "ने की! मला ती जागा पुन्यांदा बघायची हाय. नाना गेला, आता बोट कोण ठिवणार? तू ठिव."

घरी आले आणि अध्यक्षांना फोन लावला. मला एकच गोष्ट विचारायची होती. पत्त्याची बाजू वर ठेवायचं कुणी ठरवलं?

"कोण म्हंजे? नानांनीच. आमी म्हणत हुतो अक्षर वर ठिवू, लोकास्नी वाचाय यील. नाना म्हणालं, शिक्का वर घ्या, फील्ड पोस्टाचा शिक्का हाय, त्याला मान हाय. सुताराजवळ बसून हुतं शेवटपत्तुर. गोंद दाबून लावा म्हणालं. आन् तुमी मला सभेत चोर ठरवलं, बाई."

मी त्यांची माफी मागितली. तुमच्या पायी मला त्या माणसाची माफी मागावी लागली, हे वेगळं.

गोंद दाबून लावा!

आता बोला, नाना. बूट बघत उभं राहायचं नाही. ते वाक्य आनंदानं लिहिलं होतं का तुम्ही घातलंत? वाचता वाचता, तिच्या तोंडाकडं बघून, आपलं आपण? आणि एकदा घातल्यावर ते पुन्हा पुन्हा वाचावं लागलं, तिचं बोट कुठल्यातरी शब्दावर ठेवावं लागलं, आणि मग सही येईल, मी स्कॅन करीन, वही उघडून त्यांच्यासमोर 'नाव नाहीये' म्हणेन, ही भीती वाटली? माझी भीती वाटली तुम्हाला? म्हणून सुताराकडं गेलात?

तसं असेल तर तुम्हाला तो अधिकार कुणी दिला? बूट चावतात हे आनंदाचं आहे. हरण्याचा खांदा आनंदाचा आहे. या जगात त्या माणसाचं एवढंच लिहिलेलं उरलं होतं आणि तुम्ही, ज्यांनी मला शिपाई कुठल्या कपाटात म्हणून विचारलं, तुम्ही त्याला फळीला तोंड लावून उभं केलंत. मला सांगायचं होतंत. भांडायचं होतं माझ्याशी. मी ऐकलं नसतं, हे मला माहीत आहे. तरी भांडायचं होतं.

आणि दुसरी शक्यताही मी सोडलेली नाही. तुम्हाला शिक्क्यांचं वेड होतं. गोंदाचं तुम्हाला काही कळत नव्हतं. कदाचित आनंदा हा त्या शेकडोंमधला एकटा असेल, ज्यानं बापाला लिहिताना बायकोचं नाव घेतलं, आणि बापानं म्हणूनच ती पत्रं सुतळीनं बांधली. तसं निघालं तर मी आत्ताच, इथंच तुमची माफी मागून ठेवते. फोन न उचलल्याचीही त्यातच धरा. आणि त्या वेळी माझा राग त्या सासऱ्याकडं वळेल. तोही ऐकायला जागेवर नाही. तुम्ही सगळे पुरुष वेळेवर निघून जाता.

सोमवारी सुतार येणार आहे. फळी मागून घासायला दोन दिवस, मग पुणे, मग किती दिवस ते त्या बाई सांगतील. पत्रं सुटली की पहिल्यांदा मी वाचणार. आणि मग ती घेऊन सोनाआक्कांकडं जाणार. त्यांनी मला बोट ठेवायला सांगितलं आहे.

वाक्य असलं तर प्रश्न नाही. नसलं तर, नाना, ऐका. तिसऱ्या पत्रावर कुठंतरी 'हरण्या' असेल, 'आबा' असेल, काही ना काही असेल. मी त्यांचं बोट धरीन, त्यातल्या एका शब्दावर ठेवीन आणि म्हणेन, आक्का, हा 'सो', हा 'ना'.

आणि घरी येऊन नोंदवहीत आनंदानं जे लिहिलं तेवढंच उतरवीन. नवव्या रकान्यात 'नाही' लिहीन. त्याच्या खाली, जिथं जागा आहे तिथं, लिहीन की हे पत्र सोनाआक्कांना दोघांनी वाचून दाखवलं, आणि दोघांनीही एक वाक्य जास्त वाचलं. आधी तुमचं नाव, मग माझं.